पिकअपचा आहे तोच रंग वाचवू या
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गाडी शेडमध्ये घेतली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "भाऊ, रंग तं पुरा गेला. नवाच मारा लागते का?"

बऱ्याचदा नाही लागत. रंग गेलेला नसतो, वरचा थर उन्हाने मेलेला असतो. तो बेताने काढला आणि खाली निघालेल्या रंगाला कवच दिलं, तर गाडी पुन्हा गाडीसारखी दिसते आणि पत्रा गंजापासून वाचतो. हे काम कसं होतं, त्यात काय होत नाही आणि घरी तुम्ही काय सांभाळायचं, ते इथे लिहिलं आहे.

पोळ्याच्या आठवड्यात पांढरकवड्याकडून एक पांढरी पिकअप आमच्याकडे ओढून आणली होती. दोन पावसाळे गोठ्याजवळ कडुनिंबाखाली उभी. बॉनेटवरून हात फिरवला तर तळहाताला खडूसारखी भुकटी लागली. दारावर देवाच्या नावाचं स्टिकर होतं. ड्रायरने ऊब देऊन ते सोडवलं, तर खाली अक्षरांच्या आकारात मूळचा रंग चकाकत होता आणि आजूबाजूचा सगळा पत्रा पिवळट, मेलेला. फाळक्याच्या, म्हणजे मागच्या झडपेच्या, बिजागरीखाली माती साचली होती आणि त्या मातीत निंबोळ्या पडून कडुनिंबाची चार रोपं बोटभर वर आली होती. मालक म्हणाले, "बाबा गेल्यापासून कोणी हातच नाही लावला." त्यांना गाडी विकायची नव्हती, पुन्हा कापसाला लावायची होती. या पत्रकात पुढे जे लिहिलं आहे, त्यातलं बरंचसं त्या गाडीवर केलेलं आहे.

रंग मरतो कशाने

कंपनीतून निघालेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या थरापर्यंत सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो, म्हणजे पत्र्याचं सगळं कातडं एक मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्याइतकं. त्यात सर्वांत वर पारदर्शक थर असेल तर तो ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. उन्हातली अतिनील किरणं याच थराला आधी खातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यात पाखरांची विष्ठा पडली की ती त्या उन्हात रंगात रुतते. सकाळची विष्ठा सकाळीच ओल्या फडक्याने भिजवून उचलली तर डाग राहत नाही, आठवडाभराने उचलली तर खाली खड्डा सापडतो.

वणीकडच्या गाड्यांवर कोळशाची काजळी असते, चुनाभट्ट्यांच्या बाजूने आलेल्या गाड्यांवर चुन्याची धूळ. चुन्याच्या धुळीवर दव पडलं की ती पत्र्याला धरून बसते. वरुड-मोर्शीचा संत्रा भरणाऱ्या गाड्यांच्या फाळक्यावर फुटलेल्या फळांचा आंबट रस ओघळतो. ड्रायव्हरच्या दाराबाहेर खर्र्याचे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे) ओघळ असतात, त्यांच्याबद्दल लिहायला संकोच वाटतो पण लिहायलाच हवं. खर्र्यात चुना असतो. तो उन्हात वाळला की रंगावर कायमची रेघ उमटवतो आणि कितीही पॉलिश केलं तरी ती रेघ पुरती जात नाही. शक्य असेल तर खर्रा सुटावाच. निदान खिडकीतून पिचकारी नको.

माती आणि खत

रंगापेक्षा मोठा शत्रू खाली असतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावं! शेतात तो तिचा गुण आहे. तीच माती मडगार्डच्या आतल्या घडीत, चेसिसच्या खोबणीत आणि फाळक्याच्या बिजागरीत बसली की पाऊस थांबल्यावरही दिवसेंदिवस ओल सोडत नाही आणि पत्रा आतून कुजतो. त्या पांढऱ्या पिकअपच्या चाकांवरच्या घड्यांतून आम्ही घमेलं भरून माती काढली.

खताची गाडी असेल तर आणखी काळजी घ्या. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच जातीचं. फुटलेल्या गोणीतलं पोटॅश डाल्याच्या, म्हणजे मागच्या हौद्याच्या, कोपऱ्यात राहिलं आणि त्यावर पाण्याचा थेंब पडला, की गंजाला मीठ मिळाल्यासारखं होतं. युरिया, डीएपीसुद्धा हवेतली ओल ओढतात. खत उतरवलं की त्याच दिवशी आधी डाला कोरडा झाडा, मग पाण्याने धुवा आणि फाळका उघडा ठेवून वाळू द्या. डाल्यात रबरी मॅट असेल तर ती उचला. मॅटवरून धुतलं तर खाली ओल तशीच राहते.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. कापसाचे तंतू, कुटार (भुसा), माती यांनी ती बुजतात आणि दार आतून सडायला लागतं. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा चाळणी झालेला असतो. झाडूची काडी घालून भोकं मोकळी करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि या पत्रकातलं सर्वांत मोलाचं आहे.

डिझेल आणि काळं ऑइल

पावसाळ्याआधी चेसिसवर डिझेल किंवा इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल मारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आम्ही ती करत नाही, कोणी आग्रह केला तरी नाही. डिझेलने आणि ऑइलने बुशचं नि सीलचं रबर फुगतं, मऊ पडतं. ऑइलवर धूळ बसून लेप तयार होतो आणि त्याच्याखाली ओल दबून राहते. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लं असतात. शिवाय ते ठिबकतं कुठे? तुमच्याच अंगणात, धुऱ्यावर, विहिरीजवळ. चेसिस धुऊन, पूर्ण वाळवून, गंजलेल्या जागा घासून त्यावर अंडरबॉडी कोटिंग मारणं हाच बरोबर उपाय आहे आणि तो मृगाआधी व्हायला हवा. ओल्या पत्र्यावर किंवा मातीवरच मारलेलं कोटिंग ओल आतच कोंडतं, त्यापेक्षा न मारलेलं बरं.

आमच्याकडे काम कसं चालतं

आधी पाणी, मग फेस, मग हात. सुक्या धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे रंगावर पॉलिशपेपर फिरवणं. प्रेशरच्या पाण्याने सुटी माती उडवतो. नळी पत्र्यापासून हातभर लांब ठेवतो, कारण रंगाचा पोपडा उचललेला असेल तर जवळचा फवारा तो सोलून काढतो. रेडिएटरच्या पातळ जाळ्यांवर, अल्टरनेटरवर आणि वायरिंगच्या जोडांवर जोराचा फवारा मारत नाही. कापूस वाहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरमध्ये कापसाचे तंतू अडकलेले असतात. ते मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या हवेने काढावे लागतात, नाहीतर इंजिन तापतं आणि मालक मिस्त्रीकडे चकरा मारत बसतो.

नंतर गाडीचा शॅम्पू आणि दोन बादल्या. एकीत फेस, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. डांबराचे ठिपके वेगळ्या द्रावणाने सोडवतो. धुतल्यावरही हात फिरवला की पत्रा खरखरीत लागत असेल, तर क्ले बार म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा भरपूर ओलाव्यावरून हलक्या हाताने फिरवतो. रुतलेले लोखंडाचे, काजळीचे कण तो उचलून घेतो.

मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावतो. आकडा ३०० मायक्रॉनच्या वर गेला की तिथे आधी दुसऱ्यांदा रंग लागलेला आहे हे कळतं. आणखी बराच वर गेला तर खाली पुट्टी, म्हणजे पोचा भरायचा लेप, आहे. ८० च्या खाली आला तर तिथे पॉलिशची (बफिंग) मशीन फिरवायचीच नाही. हे यंत्र आमच्याकडे पहिल्यापासून नव्हतं. सुरुवातीच्या काळात एका गाडीच्या बॉनेटच्या कडेवर आमच्याच हातून बफिंग मशीन जरा जास्त थांबली आणि प्रायमर उघडा पडला. कडेवर रंग मुळातच पातळ असतो. ते बॉनेट आम्ही स्वतःच्या खर्चाने रंगवून दिलं. तेव्हापासून प्रत्येक कडेला टेप लावूनच मशीन हातात घेतो.

कंपाउंडने, म्हणजे घासायच्या पेस्टने, किती घासायचं, हा सगळ्या कामाचा जीव आहे. घासणं म्हणजे रंग काढणं. आधी कोपऱ्यात वीतभर जागेवर सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिश लावून बघतो. त्याने भागलं तर पुढे जात नाही. काही पांढऱ्या मालवाहू गाड्यांवर वेगळा पारदर्शक थर नसतो. तिथे पॅड पांढरं होतं, ते घाबरण्यासारखं नाही, वरचा मेलेला रंगच निघत असतो. पण दर दिवाळीला कडक रबिंग मागणाऱ्या ग्राहकाला आम्ही नाही म्हणतो. प्रत्येक वेळी थोडा रंग जातो आणि गेलेला परत येत नाही.

जिथे पारदर्शक थराचेच पोपडे निघत आहेत, तिथे पॉलिशने काही होत नाही. तो भाग रंगवावाच लागतो आणि आम्ही तसं आधीच सांगतो. खडे उडून पडलेल्या टिचक्यांत गंज धरला असेल तर तो घासून, गंज थोपवणारं द्रावण लावून, प्रायमर आणि टचअपचा रंग भरतो. लाल गंज त्या द्रावणाने काळा पडला की द्रावणाचं काम झालं असं समजायचं.

कवच कोणतं घ्यायचं

वॅक्स स्वस्त आहे आणि चमक छान देतं, पण आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांच्या वर धरून राहत नाही. कामाच्या पिकअपला आम्ही बहुतेक वेळा सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम लेप, सुचवतो. सहा महिन्यांच्या आत पुन्हा लावावं लागतं, पण परवडतं. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं. त्याने पाणी घरंगळून जातं, माती लवकर सुटते, उन्हाचा मारा कमी होतो. मात्र सिरॅमिक लावलं म्हणून खडा लागून टिचकी पडणार नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते कवच खूपच पातळ असतं. खड्यापासून वाचवते ती जाड पारदर्शक फिल्म, आणि ती अख्ख्या पिकअपला लावणं परवडणारं नाही. बॉनेटची पुढची कड आणि दाराच्या हँडलमागचा खळगा एवढ्यापुरती लावली तर पैसे वाया जात नाहीत.

"टेफ्लॉन" मागणारे अजून येतात. तव्यावरचं टेफ्लॉन ३०० अंशांच्या वर भट्टीत पक्कं होतं. गाडीच्या रंगावर तेवढी उष्णता देताच येत नाही. त्या नावाने मिळतं ते एक प्रकारचं सीलंटच असतं. सीलंट म्हणून घ्यायला हरकत नाही, किंमत मात्र सीलंटचीच द्या.

सिरॅमिक लावल्यावर पहिले २४ तास गाडी कोरडी राहिली पाहिजे आणि आठवडाभर शॅम्पू नको. म्हणून ऐन पावसात आम्ही ते काम घेत नाही.

घरी धुताना

कपड्यांची पावडर वापरू नका. तिच्या खाराने वॅक्स निघून जातं आणि रबर कोरडं पडतं. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाणी मारू नका. हाताची मागची बाजू बॉनेटवर ठेवा, चटका बसला तर सकाळपर्यंत थांबा. बोअरचं पाणी जड असतं, ते पत्र्यावरच वाळलं तर क्षारांचे पांढरे गोल ठसे राहतात. धुतल्या धुतल्या मायक्रोफायबरने पुसून घ्या. ताजे ठसे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून निघतात, नंतर ते साध्या पाण्याने धुऊन टाका. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू पांढऱ्या रंगावर दव पडण्याआधी हलकेच पुसून घ्या. हळदीचा डाग उन्हाने आपोआप फिका होतो, तो घासत बसू नका. फवारणीचं औषध सांडलं तर लगेच भरपूर पाणी, आणि हातात मोजे घालूनच.

गाडी आणताना

डाला रिकामा करून आणा. दोर, ताडपत्री, टॉमी, जॅक घरी ठेवा. डॅशबोर्डमधली कागदपत्रं काढून घ्या. कुठे आधी रंगकाम किंवा पुट्टी झाली असेल ते सांगा, आम्हाला मशीन जपून धरता येते. मागच्या-बाजूच्या रिफ्लेक्टर पट्ट्या आम्ही काढत नाही, फिटनेसला त्या लागतात. उखडल्या असतील तर नव्या लावून घ्या. दुर्लक्षित गाडीला दोन दिवस लागतात, गंज जास्त असेल तर तीन. दर गाडी बघूनच सांगतो आणि काय करणार, काय नाही, ते कागदावर लिहून देतो. सोयाबीन-कापसाच्या हंगामात गाडी अडकवून ठेवणं तुम्हाला परवडत नाही, म्हणून एप्रिल-मे मध्ये आधी फोन करून दिवस ठरवून घ्या.