यूएसबी होस्ट पोर्टाचा वीजपुरवठा (छोट्या एकफलकी संगणकावरील)

प्रोसेसर, स्मृती आणि सगळ्या जोडण्या एकाच फलकावर असलेल्या छोट्या संगणकाला डोंगल, कॅमेरा, पेन ड्राइव्ह यांसारखी उपकरणे यूएसबी पोर्टातून जोडतात. त्या उपकरणांना त्याच पोर्टातून ५ व्होल्टची वीज देण्याची ही व्यवस्था आहे. ही वीज वाहणाऱ्या तारेला व्ही-बस म्हणतात. केबलमध्ये ती बहुधा लाल असते. यूएसबी मानकाची पहिली आवृत्ती १९९६ची. २०००च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार उपकरणाला सुरुवातीला १०० मिलिअँपिअर घेता येतात आणि होस्टने, म्हणजे संवाद चालवणाऱ्या संगणकाने, मान्यता दिल्यावर जास्तीत जास्त ५००. २००८च्या तिसऱ्या आवृत्तीत हे आकडे १५० आणि ९०० झाले.

होस्टला मराठीत ‘यजमान’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यामुळे यजमान म्हणजेच वीज देणारा असा समज होतो आणि काही प्राथमिक पुस्तिकांत तशी व्याख्याही आढळते. सर्वसाधारण पोर्टापुरती ती चालते. मात्र २००१च्या ओटीजी (ऑन-द-गो) या मानकाच्या पुरवणीने, जिच्यात दोन उपकरणे आपसांत यजमानपण बदलू शकतात, हे समीकरण मोडले. जोडणीतली आयडी ही ओळखीची पिन ज्या टोकाला ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) जोडलेली असते ते टोक व्ही-बसला वीज देते. पुढे संवादाची सूत्रे दुसऱ्या टोकाकडे गेली तरी वीज देण्याची जबाबदारी पहिल्याकडेच राहते. २०१४च्या टाइप-सी जोडणीत तर विजेची भूमिका आणि माहितीची भूमिका उघडपणे वेगळ्या केल्या आहेत. म्हणून यजमानपण आणि वीजदान या दोन स्वतंत्र गोष्टी मानणेच अधिक सयुक्तिक दिसते.

व्ही-बस नसेल तर उपकरण ‘दिसत’च नाही. होस्ट आपल्या दोन्ही माहिती-तारा १५ किलोओहमच्या रोधांनी खाली ओढून ठेवतो. उपकरण त्यांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रोधाने वर ओढते आणि आपण आल्याची खूण देते. पण ही खूण त्याने व्ही-बस आल्यावरच द्यायची असते. त्यामुळे ड्रायव्हर तपासत बसण्याआधी पोर्टावर ५ व्होल्ट आहेत का, हे पाहावे.

पोर्टाला स्वतःची वीज नसते. फलकाच्या प्रवेशाशी येणाऱ्या ५ व्होल्टांतूनच, मध्ये फ्यूज किंवा प्रवाह-मर्यादक स्विच ठेवून, ती दिली जाते. या मधल्या दुव्याचा इतिहास रास्पबेरी पाय या लोकप्रिय एकफलकी संगणकावर चांगला पाहता येतो. फेब्रुवारी २०१२च्या पहिल्या मॉडेलमध्ये प्रत्येक पोर्टाला १४० मिलिअँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा पॉलिफ्यूज होता. संरक्षण म्हणून तो योग्यच होता. पण त्याच्या अंगच्या रोधामुळे विजेचा दाब (व्होल्टेज) पडे आणि वायफाय डोंगल अडखळत. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात, बहुधा याच तक्रारींमुळे, तो काढून सरळ जोडणी दिली गेली. मग दुसरेच दुखणे उभे राहिले. उपकरण लावताक्षणी त्याचे रिकामे कपॅसिटर भरण्यासाठी प्रवाहाचा लोंढा जातो आणि फलकाचाच दाब कोसळून संगणक पुन्हा सुरू होतो. मानकाने याचा विचार केलेला आहे: वीज देणाऱ्या बाजूला निदान १२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असावेत, जोडणीच्या क्षणी उपकरणाच्या बाजूला १० पेक्षा जास्त दिसू नयेत आणि शेजारच्या पोर्टाचा दाब ३३० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ढळू नये. २०१४च्या बी-प्लस मॉडेलमध्ये प्रवाह-मर्यादक स्विच आला: सर्व पोर्ट मिळून ६०० मिलिअँपिअर, मांडणी बदलून १.२ अँपिअर. २०२३च्या पाचव्या पिढीत ५ अँपिअरचा पुरवठा असेल तरच १.६ अँपिअर मिळतात, एरवी ६०० मिलिअँपिअर. बीगलबोन ब्लॅक या दुसऱ्या एकफलकी संगणकाने (२०१३) सुरुवातीपासूनच ५०० मिलिअँपिअरचा स्विच ठेवला होता. फ्यूज की स्विच या वादात स्विचचीच बाजू वरचढ ठरते.

केबल हा सर्वांत दुर्लक्षित घटक. उदाहरणासाठी सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडची द्राक्षबाग घेऊ. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डावणी रोगाचा अंदाज घ्यायला पानांचा ओलावा, तापमान व आर्द्रता टिपणारा छोटा संगणक मांडवाखाली डब्यात बसवला आहे आणि त्याच्या पोर्टात फोर-जी डोंगल आहे. शेतीची थ्री-फेज लाईट पाळीने येते, म्हणून सोबत १२ व्होल्टची बॅटरी आणि तिच्याजवळच ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. तिथून फलकापर्यंत २८ गेजची एक मीटर केबल (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम, जाऊन-येऊन ०.४२. फलकाला ०.६ अँपिअर लागतात असे धरले तर डोंगल नसताना ०.२५ व्होल्ट पडतात, मीटरवर ४.७५ दिसतात आणि सगळे ठीक वाटते. डोंगलने आणखी अर्धा अँपिअर ओढला की पडझड ०.४६ होते आणि उरतात ४.५४. रास्पबेरी पाय ४.६३च्या खाली कमी दाबाची सूचना देतो. दोष डोंगलच्या माथी मारला जातो आणि पैसे खर्चून नवे डोंगल येते. तेही तसेच वागते. २० गेजची तार घातली तर त्याच भाराला जेमतेम ०.०७ व्होल्ट पडतात. अंतर मोठे असेल तर १२ व्होल्टच फलकापर्यंत न्यावेत आणि कन्व्हर्टर तिथे बसवावा. तेवढ्याच शक्तीला प्रवाह निम्म्याहून कमी लागतो. मोजमाप मात्र भार चालू असताना, पोर्टाच्याच पिनांवर करावे.

जास्त प्रवाहाच्या उपकरणांसाठी स्वतंत्र अडॅप्टरचा हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा जोड) वापरतात. काही स्वस्त हब मानक मोडून आपले ५ व्होल्ट उलट फलकाकडे पाठवतात. तेव्हा मुख्य पुरवठा काढला तरी फलकावरचा दिवा मंद जळत राहतो, आणि प्रवेशाचा फ्यूज वळसा घालून टाळला जातो. लाल तार कापणे हा त्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय. पण नीट बनवलेला हब होस्ट जागा आहे हे व्ही-बसवरूनच ओळखतो, त्यामुळे तार कापल्यावर तो गप्पच राहू शकतो. उलट वीज न पाठवणारा हब निवडणे बरे.

३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर चालणाऱ्या फलकांत ५ व्होल्ट मुळात नसतातच; होस्ट पोर्टासाठी दाब वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर लागतो. अशा बॅटरीवरच्या होस्टला पोर्टामागे १०० मिलिअँपिअरच देण्याची मुभा मानकात आहे.