प्रश्नानंतरचा एक सेकंद

शिक्षक वर्गात प्रश्न विचारतात, तेव्हा उत्तरासाठी किती वेळ थांबतात? अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रोव यांनी प्राथमिक शाळांतले विज्ञानाचे तास टेपवर मुद्रित केले आणि ही मधली शांतता मोजली. १९७० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत सरासरी दिसते ती साधारण एक सेकंदाची. तेवढ्यात कुणी बोललं नाही, की शिक्षक तोच प्रश्न पुन्हा विचारत, शब्द बदलून विचारत, दुसऱ्या मुलाकडे वळत, नाहीतर स्वतःच उत्तर सांगून मोकळे होत. एखाद्या मुलाने उत्तर दिलंच, तर त्याचं बोलणं थांबल्यावर शिक्षकांचं सुरू व्हायला एक सेकंदही लागत नसे.

वर्गातल्या चर्चेविषयी बोलताना आपण मुलांच्या स्वभावापासून सुरुवात करतो. हा धीट, ती लाजाळू, तो मागच्या बाकावरचा, तोंड न उघडणारा. प्रगतिपुस्तकातही तसाच शेरा पडतो. गेल्या पन्नास वर्षांचं संशोधन वाचलं, तर हा शेरा मुलावर मारण्याआधी तासाची रचना तपासायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. कोण बोलणार आणि कोण गप्प राहणार, याचा बराचसा निकाल प्रश्नानंतरच्या त्या पहिल्या सेकंदातच लागलेला असतो.

रोव यांनी पुढे शिक्षकांना तीन सेकंद किंवा त्याहून थोडं जास्त थांबायला शिकवलं. बाकी काही बदललं नाही: तोच धडा, तीच मुलं. तरी मुलांची उत्तरं कितीतरी पट लांब झाली. ‘माहीत नाही’ म्हणणं आणि नुसतं गप्प उभं राहणं कमी झालं. न विचारता स्वतःहून बोलणाऱ्यांची संख्या वाढली. मुलं ‘असं असेल तर मग…’ अशी अंदाजाची वाक्यं बोलू लागली, पुरावा देऊ लागली, एकमेकांच्या म्हणण्याला जोडून बोलू लागली. त्यांचे स्वतःचे प्रश्नही वाढले, आणि विज्ञानाच्या तासाला याहून मोलाचं दुसरं काय असणार?

यात दोन वेगळ्या शांतता आहेत. एक प्रश्नानंतरची, दुसरी उत्तरानंतरची. दुसरीकडे आपलं लक्ष फारसं जात नाही, पण रोव यांना तिचा परिणाम अधिक मोठा दिसला. कारण वर्गातला संवाद एका ठरलेल्या साच्यात चालतो. ह्यू मेहान यांनी १९७९ मध्ये तो नेमका मांडला: शिक्षक विचारतो, मूल उत्तर देतं, शिक्षक त्यावर निवाडा देतो. तिसरी पायरी तत्काळ आली, की चर्चा तिथेच मिटते. ‘शाब्बास’ हा शब्दसुद्धा दार बंद करतो, कारण बरोबर उत्तर मिळाल्यावर बाकीच्यांनी विचार करायचं कारणच उरत नाही. त्याऐवजी शिक्षक तीन सेकंद नुसते थांबले, तर बोललेलं मूल पुष्कळदा आपलंच वाक्य पुढे नेतं: ‘म्हणजे, सावली दुपारी लहान होते… कारण सूर्य डोक्यावर येतो… पण मग हिवाळ्यात?’ हे ‘पण मग’ बहुतेक वेळा त्या दुसऱ्या शांततेत जन्माला येतं.

मग शिक्षक थांबत का नाहीत? इथे शिक्षकांना दोष देऊन भागत नाही. माणसाच्या बोलण्याचा वेगच तसा आहे. २००९ मध्ये तान्या स्टायव्हर्स, स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या दहा भाषांमधल्या रोजच्या गप्पा तपासल्या. त्यांत जपानी, कोरियन, इटालियन अशा मोठ्या भाषा होत्या, तशाच फार थोडे लोक बोलतात अशाही होत्या. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतचं सर्वसाधारण अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भाषेभाषेत थोडा फरक होता, पण फार नाही. एखाद्या चित्राकडे पाहून त्यातल्या वस्तूचं नुसतं नाव उच्चारायलासुद्धा आपल्याला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ, समोरचा अजून बोलत असतानाच आपण आपलं उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. गप्पांमध्ये एक सेकंदाची शांतता म्हणजे पुष्कळच झालं. तेवढ्यात आपण अस्वस्थ होतो: याला राग आला का, याने ऐकलं नाही का, आपलं काही चुकलं का?

शिक्षक हाच गप्पांचा कान घेऊन वर्गात येतात. पण ‘जेवलास का?’ आणि ‘बर्फ पाण्यावर का तरंगतं?’ हे दोन प्रश्न एका जातीचे नाहीत. पहिल्याचं उत्तर तयारच असतं. दुसऱ्यासाठी मुलाला प्रश्न समजून घ्यावा लागतो, ठाऊक असलेलं आठवावं लागतं, त्यातलं काय लागू पडेल ते निवडावं लागतं, मनात वाक्य बांधावं लागतं आणि चारचौघांत ते बोलायचं धाडस गोळा करावं लागतं. एवढं सगळं एका सेकंदात उरकणारं मूल वर्गात एखाद-दुसरंच असतं, आणि तेही बहुधा उत्तर आधीपासून पाठ असलेलं.

म्हणूनच तेच ते हात पुन्हा पुन्हा वर येतात. डेव्हिड कार्प आणि विल्यम योएल्स या समाजशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातल्या वर्गांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. चाळीसहून जास्त विद्यार्थी असलेल्या वर्गांत निम्म्याहून अधिक संवाद अवघ्या दोन-तीन विद्यार्थ्यांचा होता. बाकीचे माना डोलवत, वहीत काहीबाही लिहीत, लक्ष असल्याचं दिसेल असे बसत. बोलण्याची जबाबदारी त्या दोघा-तिघांनी उचलली आहे, हे सगळ्यांनी न बोलता मान्य केलेलं होतं. शिक्षकांनाही ते सोयीचं जातं, कारण तास हलता राहतो. मला हा भाग सर्वांत गंभीर वाटतो. चर्चा रंगली असं सगळ्यांना वाटतं आणि प्रत्यक्षात ती तिघांत झालेली असते.

रोव यांच्या नोंदींतली आणखी एक गोष्ट मनाला लागते. शिक्षकांनी ज्यांना वर्गातली सर्वांत हुशार पाच मुलं म्हटलं होतं, त्यांच्यासाठी ते जवळजवळ दोन सेकंद थांबत. सर्वांत मागे पडलेल्या पाचांसाठी एक सेकंदापेक्षाही कमी. ज्याला वेळ जास्त हवा, त्यालाच तो कमी मिळत होता. यामागे दुष्टावा नव्हता, बहुतेकदा दयाच होती. मूल अडखळतंय, त्याची शोभा नको, म्हणून शिक्षक पटकन दुसऱ्याकडे वळतात. मुलापर्यंत मात्र वेगळाच निरोप पोहोचतो: तुझ्याकडून उत्तराची अपेक्षा नाही.

मुलींच्या बाबतीत असंच चित्र मोठ्या वर्गांत मोजलं गेलं आहे. सेरा एडी, सेरा ब्राउनेल आणि मेरी पॅट वेंडरोथ यांनी २०१४ मध्ये जीवशास्त्राच्या २३ प्रारंभिक वर्गांचा अभ्यास मांडला. विद्यार्थ्यांत सुमारे ६० टक्के मुली होत्या, पण प्राध्यापकांच्या प्रश्नांना वर्गासमोर उत्तर देताना ऐकू आलेल्या आवाजांत त्या ४० टक्क्यांहूनही कमी. जिथे हात वर करणाऱ्याला संधी द्यायची पद्धत सोडून यादीतून सोडतीने नाव घेतलं जाई, तिथे ही दरी उरली नाही.

महाराष्ट्रात यात भाषेची भर पडते. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल, सातपुड्यात पावरी बोलणारं मूल, किंवा शहरात घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेलं मूल, ही सगळी शिक्षकांचा प्रश्न एका भाषेत ऐकतात आणि विचार पुष्कळदा दुसऱ्या भाषेत करतात. नंतर शिकलेल्या भाषेत साध्या चित्राचं नाव सांगायलाही जास्त वेळ लागतो, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. मग बाष्पीभवनाचं कारण सांगायला तर लागणारच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आहे. ते होईल तेव्हा होईल. पण या मुलाला पाच सेकंद देण्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. पहिल्यांदा ते घरच्या भाषेत उत्तरलं, तर तेही ऐकून घ्यावं. विचार आधी बाहेर येऊ द्यावा, शब्द मागून येतात.

शिक्षकांना साठ मुलांचा वर्ग सांभाळून हे जमेल का, हा प्रश्न रास्त आहे. यावर मला सर्वांत भरवशाची वाटते ती फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली रीत: आधी प्रत्येकाने गप्प राहून विचार करायचा, मग शेजारच्याशी बोलायचं, आणि त्यानंतर वर्गाला सांगायचं. तीस बाकांवर एकाच वेळी तीस संवाद सुरू होतात. गोंगाट होतो, तो होऊ द्यावा. शेजाऱ्यापाशी एकदा बोलून पाहिलेलं वाक्य सगळ्यांसमोर बोलायला सोपं जातं.

शेजाऱ्याशी बोलून खरंच काही कळतं, की हुशार मुलाचं उत्तर दुसरा फक्त उचलतो? मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी कोलोराडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात हे तपासलं. विद्यार्थी आधी एकेकट्याने उत्तर देत, मग चर्चा करून तोच प्रश्न पुन्हा सोडवत, आणि मग त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न पुन्हा एकेकट्याने. नव्या प्रश्नातही सुधारणा दिसली. गटात सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं, अशा ठिकाणीही ती होत असल्याचं त्यांच्या विश्लेषणातून पुढे आलं. हा निबंध २००९ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात आला. दोन न कळलेल्या मुलांनी प्रामाणिकपणे वाद घातला, तर त्यातून कळणं जन्माला येऊ शकतं.

मात्र प्रत्येक मुलाने बोललंच पाहिजे, असा हट्टही बरोबर नाही. कॅथरीन ओकॉनर, सेरा मायकेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये गणिताच्या चर्चांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चर्चेने शिकवलेल्या वर्गांत एकूण शिकणं वाढलं, पण त्या वर्गांतली गप्प मुलं बोलक्या मुलांच्या मागे पडली नाहीत. चांगली चर्चा लक्ष देऊन ऐकणं हाही सहभागच आहे. तेव्हा भाग घेण्यावर गुण देताना नुसते हात मोजले, तर शांतपणे शिकणाऱ्या मुलावर अन्याय होतो. शिवाय पाढे किंवा राजधान्या विचारताना थांबण्याची गरज नाही, आणि एकाच मुलावर नजर रोखून अर्धा मिनिट गप्प बसणं ही तर शिक्षाच झाली. थांबायचं ते विचार मागणाऱ्या प्रश्नाला, आणि सगळ्या वर्गासाठी.

सुरुवात करायची तर मोबाइल टेबलावर ठेवून स्वतःचा एक तास मुद्रित करावा. घरी ऐकताना प्रत्येक प्रश्नानंतर किती वेळ गेला आणि त्यानंतर कोण बोललं, एवढंच कागदावर लिहावं. दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न निवडावा, खरोखर विचार करायला लावणारा. तो विचारताना सांगावं, ‘आत्ता कुणीही हात वर करू नका, आधी वहीत एक ओळ लिहा,’ आणि मग वर्गात फिरून त्या ओळी वाचाव्यात.