भुशाच्या पोटातला बिनबोलावता पाहुणा

शिमग्याच्या आसपास मालवणहून होडी बाहेर काढली की काही दिवस पाण्यावर पिवळट-तपकिरी पट्टे दिसतात. वखारीतला भुसा कुणीतरी आणून ओतलाय असंच वाटतं. ‘ह्यो भुसो खंयसून इलो?’ हा नवख्याचा ठरलेला प्रश्न. बाटलीत भरून उन्हात धरला, तर कण कसले, बारीक तंतूंच्या जुड्या दिसतात. बाटली घरी विसरली की तंतू मरतात आणि पाण्याला गुलाबी रंग सुटतो. हे ट्रायकोडेस्मियम. हवेतून पाण्यात विरघळलेला नायट्रोजन खतासारखा वापरात आणणारे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर स्वतःचं अन्न बनवणारे जीवाणू.

जीवाणू एरवी डीएनएच्या बाबतीत भलतेच कंजूष. हा मात्र ऐसपैस: जेमतेम 60 टक्के डीएनएत प्रथिनांचा मजकूर. बाकीच्या पसाऱ्यात ‘ग्रुप-टू इंट्रॉन’ही ठाण मांडून आहेत.

इंट्रॉन म्हणजे जनुकात मधेच घुसलेला फालतू तुकडा. जनुकाची आरएनए प्रत निघाली की त्यातून तो कापून टोकं जोडावी लागतात. हे काम प्रथिनांचंच, अशी सगळ्यांची खात्री होती. टॉमस चेक यांच्या प्रयोगशाळेत टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाचा 413 अक्षरी इंट्रॉन मात्र प्रथिनं काढून टाकली तरी सुटतच राहिला. कुठेतरी एखादं चिवट प्रथिन चिकटून राहिलं असेल, ही शंका जाईना. शेवटी त्या जीवाच्या प्रथिनाचा वाराही न लागलेला आरएनए नळीत बनवला. तोही स्वतःला कापून मोकळा! हे 1982 साली छापून आलं. आरएनएही असं रासायनिक काम करतो हे दाखवल्याबद्दल 1989 चं रसायनशास्त्राचं नोबेल चेक आणि, स्वतंत्रपणे तेच दाखवणारे, सिडनी ऑल्टमन यांना मिळालं.

चेक यांचा इंट्रॉन पहिल्या गटातला. भुशातल्याची तऱ्हा निराळी. पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, दोरीला मनगटात अडकवायला फास असतो ना, तसं याचं एक टोक वळून स्वतःच्याच अंगाला जोडलं जातं आणि शेपटीवाला फास सुटून बाहेर पडतो. काहींच्या पोटात एका प्रथिनाची कृतीही लिहिलेली असते. ते प्रथिन फासाला धरून डीएनएतली ओळखीची जागा गाठतं. फास तिथे उलट्या पावली आत शिरतो, आणि प्रथिन आरएनएवरून डीएनए उतरवून घेतं. पाहुणा मुक्कामाला!

किनाऱ्यावर परतून माडाखाली बसलात तरी हे आहेतच. झावळीतली हरितलवकं म्हणजे फार पूर्वी पेशीत शिरलेल्या सायनोबॅक्टेरियांचेच वंशज. त्यांच्यातही ग्रुप-टू इंट्रॉन आहेत, पण म्हातारे झालेले: उड्या बंद, आणि कापून सुटायलाही पेशीच्या प्रथिनांचा हात धरावा लागतो.