ग्रोथ फॅक्टरचे यूटीआर आणि आयरेसचा न मिटलेला वाद: पार्श्वभूमी

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायला सांगणारी प्रोटीन्स. त्यांच्या एमआरएनएच्या (जीनची प्रत, जिच्यावरून प्रोटीन बनतं) दोन टोकांना प्रोटीनमध्ये न येणारे भाग असतात, ते यूटीआर: पुढचा ५ प्राइम, शेवटचा ३ प्राइम. आयरेस म्हणजे एमआरएनएच्या मधली ती जागा, जिथे प्रोटीन बनवणारा रायबोझोम थेट उतरतो असं म्हणतात. १९७५ ला एमआरएनएच्या ५ प्राइम टोकावरची कॅप सापडली, १९७८ मध्ये स्कॅनिंग मॉडेल आलं, म्हणजे रायबोझोम कॅपपाशी चढतो आणि एयूजी (प्रोटीन सुरू करण्याची तीन अक्षरी खूण) मिळेपर्यंत पुढे सरकत राहतो. हा भाग सगळ्यांना माहितीच आहे. ग्रोथ फॅक्टरपुरतं बोलायचं तर खरी सुरुवात १९८६ ची.

त्या वर्षी जीएम-सीएसएफ या ग्रोथ फॅक्टरच्या ३ प्राइम यूटीआरमधला ५१ न्यूक्लिओटाइडचा (अक्षरांचा) एयू-रिच, म्हणजे ए आणि यू अक्षरांनी भरलेला तुकडा सशाच्या बीटा ग्लोबिन जीनच्या शेपटाकडे घातला गेला. ग्लोबिनचा एमआरएनए एरवी चांगलाच टिकाऊ, पण हा तुकडा आल्यावर तो भराभर तुटायला लागला, आणि कोडिंग भागाला तर कुणी हातही लावला नव्हता! मग असेच एयू-रिच तुकडे बाकीच्या ग्रोथ फॅक्टरमध्ये आणि सायटोकाइन्समध्ये (पेशींमधले निरोप नेणारी प्रोटीन्स) दिसत गेले. व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या ग्रोथ फॅक्टरमध्ये तर ऑक्सिजन कमी पडला की एचयूआर नावाचं प्रोटीन ३ प्राइम यूटीआरवर बसतं आणि तोच एमआरएनए जास्त वेळ टिकतो, हे १९९८ पर्यंत कळलं होतं.

५ प्राइम बाजूला मात्र गुंता आहे. माणसाच्या जीनमध्ये हा भाग साधारण एकदोनशे न्यूक्लिओटाइडचा असतो, पण व्हीईजीएफ-ए आणि पीडीजीएफ-बी या ग्रोथ फॅक्टरमध्ये तो हजाराच्या घरात जातो, वर जी आणि सी ही अक्षरं इतकी की सगळं घट्ट दुमडलेलं. स्कॅनिंगच्या हिशोबाने असे एमआरएनए जेमतेमच ट्रान्सलेट व्हायला (म्हणजे त्यांचं प्रोटीन बनायला) हवेत आणि होतातही तसंच, कारण ग्रोथ फॅक्टर जास्त झालेला पेशीला परवडत नाही. एफजीएफ-२ या आणखी एका ग्रोथ फॅक्टरची मजा वेगळी: १९८९ मध्ये दिसलं की एकाच एमआरएनएमधून एयूजीपासून १८ किलोडाल्टनचं प्रोटीन निघतं आणि त्याच्या अलीकडच्या सीयूजी या खुणांपासून मोठी प्रोटीन्स निघतात, जी बरीचशी न्यूक्लियसमध्ये जातात. हे पक्कं आहे, यावर कुणाचा वाद नाही.

वाद आहे तो आयरेसचा. १९८८ मध्ये पोलिओ आणि ईएमसीव्ही या व्हायरसमध्ये दिसलं की रायबोझोम कॅप सोडून थेट मध्येच उतरू शकतो. १९९१ ला पेशीच्या स्वतःच्या एका एमआरएनएबद्दल तसाच दावा आला, १९९५ मध्ये एफजीएफ-२, १९९७ मध्ये पीडीजीएफ-बी, १९९८ मध्ये व्हीईजीएफ, तेही एक नाही दोन आयरेस. कल्पना पटण्यासारखीच होती, स्ट्रेसमध्ये कॅपवालं ट्रान्सलेशन बसतं तेव्हा याच जीन्सची गरज असते ना.

पण पुरावा कशाचा होता ते नीट बघा. प्लाझमिडमध्ये (पेशीत सोडायचा डीएनएचा गोल तुकडा) दोन रिपोर्टर, म्हणजे चमकणारं प्रोटीन देणारे जीन, एकापुढे एक, मध्ये यूटीआर, आणि दुसरा रिपोर्टर चमकला की म्हणायचं रायबोझोम मधून शिरला. आता त्या यूटीआरच्या डीएनएमध्येच लपलेला प्रोमोटर (जीनची आरएनए प्रत सुरू करणारी जागा) असेल तर फक्त दुसऱ्या रिपोर्टरचा वेगळाच छोटा एमआरएनए तयार होतो, किंवा लपलेली स्प्लाइस साइट (आरएनए जिथे कापून जोडला जातो ती जागा) असेल तर पहिला रिपोर्टर कापून निघून जातो, आणि दोन्ही केसमध्ये दुसरा चमकतोच. ग्रोथ फॅक्टरचे ५ प्राइम यूटीआर असतात मूळ प्रोमोटरला अगदी खेटून, म्हणजे संशय घ्यायला पुरेपूर जागा. त्यात तुलना रिकाम्या व्हेक्टरशी (मध्ये यूटीआर नसलेलं प्लाझमिड), ज्याचा आकडा जवळपास शून्य, मग वीसपट काय नि पन्नासपट काय, सगळंच भारी दिसतं.

२००१ पासून हे आक्षेप उघड मांडले गेले. एक्सआयएपी या पेशीला मरण्यापासून वाचवणाऱ्या प्रोटीनचा आयरेस, ज्याचं नाव सगळीकडे घेतलं जायचं, त्यात २००४ च्या सुमारास स्प्लायसिंगच निघालं. डीएनएऐवजी सरळ आरएनए पेशीत सोडला की बऱ्याच आयरेसचा आकडा एकदम खाली येतो. आयरेसच्या बाजूने बोलणारे म्हणतात की आरएनए न्यूक्लियसमधून गेल्याशिवाय लागणारी प्रोटीन्स त्याला चिकटत नाहीत, आणि २००० मधला उंदरांवरचा प्रयोग दाखवतात, ज्यात एफजीएफ-२ चा आयरेस मोठ्या उंदराच्या मेंदूत जोरात चालला आणि बाकी अवयवांत फारसा नाही. मला हे पुरेसं वाटत नाही, स्प्लायसिंगसुद्धा टिश्यूप्रमाणे बदलतंच की. आरएनए पातळीवरचा कंट्रोल नसेल तोपर्यंत या आयरेसना सिद्ध झालेले म्हणू नये, आणि रिव्ह्यूंमध्ये ते सर्रास तसे छापले जातात हे चुकीचंच आहे.

या गदारोळात थ्रोम्बोपोएटिन (प्लेटलेट्स बनवायला लावणारा ग्रोथ फॅक्टर) मागे पडलं याचं वाईट वाटतं. त्याच्या ५ प्राइम यूटीआरमध्ये खऱ्या एयूजीच्या अलीकडे बरेच एयूजी आहेत, रायबोझोम त्यांच्यावरच अडकतात, म्हणून प्रोटीन कमी बनतं. १९९८ मध्ये एका कुटुंबात स्प्लाइस डोनरवर, म्हणजे कापण्याच्या जागेवर, एकच अक्षर बदललेलं सापडलं, त्याने यूटीआर आखूड झाला, अडथळा गेला, थ्रोम्बोपोएटिन वाढलं आणि प्लेटलेट्स बेसुमार वाढल्या. यूटीआर नसता तर काय झालं असतं याचं याहून स्वच्छ उदाहरण माणसात तरी मला माहीत नाही.

पुढे लक्ष परत ३ प्राइमकडे वळलं. २००८ मध्ये दिसलं की टी सेल वाढायला लागल्या की ३ प्राइम यूटीआर आखूड करतात, म्हणजे मायक्रोआरएनएच्या (एमआरएनएला चिकटून त्याला दाबणारे छोटे आरएनए) जागाच गळतात. त्याच वर्षी बीडीएनएफ या मेंदूतल्या ग्रोथ फॅक्टरचं आलं: आखूड यूटीआरवाला एमआरएनए मज्जापेशीच्या मुख्य भागात राहतो, लांब यूटीआरवाला डेंड्राइटमध्ये (तिच्या फांद्यांमध्ये) जातो. लांबवाला काढून टाकलेल्या उंदरांत एकूण बीडीएनएफ नेहमीएवढंच होतं, फक्त डेंड्राइटमध्ये फारसं पोचत नव्हतं, आणि तिथले स्पाइन (दुसऱ्या पेशींशी जोडणारे बारीक फुगवटे) नीट घडले नाहीत.