मालगुंडचे घर : केशवसुतांच्या जन्मस्थानाची पार्श्वभूमी

गणपतीपुळ्याला येणारे बरेच जण दर्शन आटोपल्यावर जयगडच्या वाटेने मालगुंडला जातात आणि तेथील जुन्या कौलारू घरासमोर थोडा वेळ थांबतात. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, 1866 साली या गावात जन्मले. त्यांचे वडील शाळामास्तर होते. घरात मुलांचा गोतावळा मोठा असला, तरी विद्येची ओढ सर्वांनाच होती. ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिणारे मोरो केशव दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू, हे पाहुण्यांना आवर्जून सांगायला हवे.

मात्र कवीचे सारे बालपण या ओटीवर गेले, असे समजणे बरोबर नाही. शिक्षणासाठी त्यांना खेड, बडोदे, वर्धा, नागपूर आणि पुणे असे फिरावे लागले. 1889 साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास, ते मॅट्रिक झाले आणि पुढे मुंबई, फैजपूर, धारवाड येथे त्यांनी नोकरी केली. ‘तुतारी’ ही कविता 1893 सालची, मुंबईच्या वास्तव्यातली. त्यामुळे त्यांच्या कवितेतले कोकण हे बहुतांशी दुरून आठवलेले कोकण आहे. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ या कवितेत ते जन्मभूमीकडून येणाऱ्या वाऱ्याशीच बोलतात. ती कविता मालगुंडच्या अंगणात, समुद्राचा वारा अंगावर घेत वाचावी. घर सुटलेल्या माणसाची ओढ तेथे जितकी कळते, तितकी वर्गात बसून कळत नाही, असे मला मनापासून वाटते.

7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळी येथे प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नव्हता. तो हरि नारायण आपटे यांनी 1917 साली प्रसिद्ध केला.

जन्मघराचे भाग्य उजळायला याहून कितीतरी अधिक काळ जावा लागला. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेने हे काम अंगावर घेतले आणि 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. घर जुन्या वळणाचेच ठेवून आवारात केशवसुतांच्या कविता कोरून लावल्या आहेत, तर शेजारच्या दालनात त्यांच्यानंतरच्या मराठी कवींचा परिचय होतो. आधी घर, मग अंगणातली कविता आणि शेवटी दालन, या क्रमाने पाहणाऱ्याला आधुनिक मराठी कवितेची वाट पहिल्या पायरीपासून चालता येते.