बुटांना तेल द्यावं, पण आश्विनात

चामड्याच्या बुटांसाठी मिळणाऱ्या मलमांच्या डब्यांवर बहुधा एकच सल्ला असतो: नियमित लावा, चांगलं जिरू द्या, चामडं कोरडं पडू देऊ नका. सल्ला चुकीचा नाही, पण तो थंड, कोरड्या हवेच्या मुलखाचा आहे. रत्नागिरी-मालवणकडे जून ते सप्टेंबर चामड्याला कोरडं पडायला सवडच मिळत नाही. आषाढात बुटांना तेल चोपडलं तर थोड्याच दिवसांत त्यांच्यावर हिरवट पांढरी लव उगवते. आणि कोकणात बूट घालणारे काही कमी नाहीत. रुळांवर पावसाळी गस्त घालणारे रेल्वे कर्मचारी, लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार, पोलीस, एनसीसीची पोरं. चामड्याची चप्पल मिरगाला माळ्यावर टाकता येते, ड्युटीचे बूट टाकता येत नाहीत.

चामडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं एकमेकांत गुंतलेलं जाळं. कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं, वाळलं तर तंतू चिकटून कडक होतं. म्हणून ते कमावतात. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि सह्याद्रीत मुबलक मिळणारा हिरडा वापरतात, त्यांतलं टॅनिन तंतूंना बांधून ठेवतं. बहुतेक बुटांच्या चामड्यात हेच काम क्रोमियमचे क्षार करतात. त्यानंतर चामड्यात तेल मुरवतात. तंतूंवर तेलाचा पातळ थर असला की बूट वाकताना ते एकमेकांवरून सरकतात, तेल गेलं की घडीवर भेगा पडतात.

तेल हवंच, ते याच कारणासाठी. पण बुरशीलाही तेच हवं असतं. कमावलेलं प्रथिन तिला सहजी पचत नाही. तेल आणि चरबीचे रेणू तोडणारी विकरं मात्र तिच्याकडे असतात. अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या नेहमीच्या बुरशींचे बीजाणू हवेत सदाचेच असतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ते रुजतात, आणि किनारपट्टीवर पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. ओल फुकट मिळतेच आहे, वर जेवण आपण वाढायचं!

मिठाचं प्रकरण निराळं. खारं वारं आणि पायाचा घाम, दोन्हींतून ते चामड्यात शिरतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. श्रावणात बरणीतलं मीठ पाझरतं ते त्यामुळेच. म्हणजे मीठ मुरलेला बूट पाऊस न लागताही ओलसर राहतो. हवा कोरडी झाली की तेच मीठ तंतूंच्या मध्ये स्फटिक होऊन बसतं आणि त्यांना फाकवतं. समुद्रावरून आल्यावर बूट गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दोनदा पुसणं, याला कुठलंही महागडं मलम पर्याय नाही.

त्यामुळे बुटावर दिसलेलं प्रत्येक पांढरं बुरशीच असेल असं नाही. ओलं बोट फिरवल्यावर विरघळलं तर मीठ. केस वाळवायच्या यंत्राची हलकी ऊब दिल्यावर वितळून आत गेलं तर ती चामड्यातलीच चरबी, वर येऊन गोठलेली. तिने काही बिघडत नाही. मऊ लव, कुबट वास आणि पुसूनही पुन्हा उगवणं ही बुरशीची लक्षणं. ती घरात झटकू नये, बीजाणू पसरतात. बाहेर नेऊन, तोंडाला फडकं बांधून ओलसर कापडाने पुसावी आणि मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन हलका हात फिरवावा. अल्कोहोलने रंग उतरू शकतो, म्हणून आधी आतल्या कोपऱ्यात पाहून घ्यावं.

लाल मातीचा चिखल ओला असताना चोळला तर त्यातले लोहाचे बारीक कण चामड्यात आणखी खोल जातात. वाळू द्यावा, मग मऊ ब्रशने झाडावा. नारळाच्या सोडणाने घासू नये, वरची झिलई खरवडून निघते. कपड्यांचा साबणही नको. चामडं मुळात किंचित आम्लधर्मी आणि साबण अल्कधर्मी, त्यामुळे साबणाने कमावणीची पकड ढिली होते. त्यापेक्षा रिठ्याचं पातळ पाणी बरं.

भिजलेले बूट चुलीपाशी ठेवायची सवय मात्र घातक. ओलं कोलॅजेन तापलं की आकसतं आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. झाडपाल्याने कमावलेल्या चामड्यात हे ७०-८० अंशांना सुरू होतं. क्रोमियमचं चामडं जवळजवळ शंभरपर्यंत तग धरतं. आतली तळपट्टी काढावी, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते ओले झाले की बदलावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावेत.

ठेवायचे कुठे? जुन्या घरांत पुस्तकांच्या नाहीतर कॅमेऱ्याच्या कपाटात पंधरा वॅटचा दिवा जळत ठेवायचे. त्यामागचं गणित सरळ आहे: हवेतली वाफ तेवढीच ठेवून तापमान २५ वरून ३० अंशांवर नेलं तर ९० टक्के आर्द्रता सुमारे ६७ वर येते, म्हणजे बुरशीच्या उंबरठ्याखाली. एलईडी दिव्याने हे साधत नाही, तो पुरेसा तापतच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत तर बूट कधीच बांधू नयेत, आतली ओल आतच राहते.

मग तेल कधी? दसऱ्याला हत्यारं आणि गाड्या घासूनपुसून पुजतात, त्याच सुमारास. पाऊस ओसरलेला असतो, पुढे कोरडे दिवस येतात आणि चार महिन्यांच्या भिजण्या-वाळण्यात चामड्यातलं तेलही कमी झालेलं असतं. खोबरेल हाताशी असतं आणि लवकर खवटही होत नाही, पण ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. पौषातल्या पहाटे बुटावर पांढुरका थर दिसला तर तो त्याचा. जवसाचं तेल नकोच, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते घट्ट होतं आणि चामडं ताठरतं. एरंडेल बरं: ते वाळून कडक होत नाही. फडक्यावर चार थेंब पुरेत, चामडं तेलकट लागलं तर जास्त झालं. ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, फक्त मेणाचं पॉलिश लावावं, शिवणींवर जरा जास्त. मेण आत मुरण्यापेक्षा वर बसतं आणि पाणी अडवतं.

एवढं करूनही बूट तळाकडून दगा देऊ शकतो. पुष्कळ बुटांचा सोल पॉलियुरेथेनचा असतो. दमट, उबदार हवेत पाणी त्याच्या रेणुसाखळ्या हळूहळू तोडतं. मग कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा सोल एके दिवशी चालता चालता चुरा होऊन गळतो, वरचं चामडं मात्र धडधाकट. यावर तेल, मेण, दिवा काही चालत नाही. घेतानाच शिवलेला रबरी सोल बघून घ्यावा. तो झिजला तर बदलता तरी येतो.