ओन्ली (इंग्रजी क्रियाविशेषण)

ओन्ली हे मर्यादा दाखवणारे इंग्रजी क्रियाविशेषण. ‘एक’ या अर्थाच्या जुन्या शब्दाला ‘ली’ प्रत्यय लागून ते बनले. ‘ओन्ली सन’ (एकुलता एक मुलगा) यात तेच विशेषण असते. मराठीत त्याच्या जागी ‘फक्त’, ‘केवळ’, ‘-च’ येतात, तर वेळेबाबत ‘आत्ता कुठे’.

खरा घोळ जागेचा. ‘ओन्ली मीना एट राइस’ म्हणजे भात मीनानेच खाल्ला. ‘मीना एट ओन्ली राइस’ म्हणजे मीनाने फक्त भात खाल्ला. बोलताना मात्र बहुतेक जण ‘मीना ओन्ली एट राइस’ म्हणतात आणि ‘राइस’वर जोर देतात. कागदावर हा जोर उमटत नाही. कर्मठ व्याकरणकारांना ही रचना खपत नसे. इंग्रजी भाषावापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने 1926 मध्ये, अर्थ स्पष्ट असेल तर ती चालते, अशी बाजू घेतली. ते पटण्यासारखे आहे, पण करारनाम्यात किंवा नियमावलीत ज्या शब्दावर मर्यादा घालायची त्याला खेटूनच ओन्ली लिहावे.

वाक्यारंभी ओन्लीसह काळ, स्थळ वा अट आली की मुख्य वाक्यात सहायक क्रियापद कर्त्याआधी येते: ‘ओन्ली व्हेन शी केम डिड वी ईट’. उलटापालट ‘वी ईट’ची होते, ‘शी केम’ची नाही, विद्यार्थी नेमके इथे चुकतात. ओन्ली कर्त्यालाच लागले असेल तर क्रम बदलत नाही: ‘ओन्ली मीना केम’.

भारतीय इंग्रजीत ‘आय लिव्ह इन ठाणे ओन्ली’ सर्रास ऐकू येते. मराठी ‘-च’ दोन कामे करतो: इतरांना वगळणे आणि नुसता ठसका देणे. ‘मी ठाण्यातच राहतो’ यात बहुधा दुसरे असते. हिंदीतल्या ‘ही’चेही तसेच. प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत ओन्ली पहिलेच काम करते, म्हणून तिथल्या श्रोत्याला ‘ठाण्याखेरीज कुठेही नाही’ असे वाटू शकते. ठसक्यासाठी तिथे आवाजाचा जोर पुरतो. धनादेशावर ‘फाइव्ह थाउजंड ओन्ली’ लिहितात ते मात्र रकमेपुढे कोणी काही वाढवू नये म्हणून. मराठीत तिथे ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ येते.

‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’, तर ‘इफ ओन्ली’ म्हणजे हळहळीचे ‘असते तर!’. ‘ही रॅन टू द स्टेशन, ओन्ली टू फाइंड द ट्रेन गॉन’ यात हेतू नाही, पदरी पडलेली निराशा आहे: धावत स्टेशन गाठले, तर गाडी गेलेली.